गोदूबाईचा सरळ ठोसा

आशेळ्याच्या लोकांना हसायला फार काही लागत नसे. कुणाची म्हैस सुटून परक्या शेतात गेली तरी गावाला आठवडाभर पुरायचं. तेव्हा चाळिशीची गोदूबाई कासोटा घट्ट खोचून, दोन्ही मुठी हनुवटीशी धरून पडवीत टांगलेल्या पेंढ्याच्या गोणीसमोर उभी राहायला लागली, त्या वर्षी गावाला दुसऱ्या करमणुकीची गरजच उरली नाही. विहिरीवर बायका कळशी ठेवून तिची नक्कल करून दाखवायच्या. तिची जाऊ तुळशी तर लाजेने अर्धी व्हायची. "हसतील त्याचे दात दिसतील," एवढंच गोदूबाई म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोणीसमोर उभी राही.

शिकवणारा तिचा नवराच होता, भगवंत. आणि आपण जिला शिकवतो ती आपली बायको आहे, हे त्याला माहीत नव्हतं. यात हसण्यासारखं काय होतं ते गावालाच ठाऊक.

हे सगळं लढाईच्या काळातलं दुखणं. सरकारने गावाच्या उशाशी लष्कराची छावणी उभारली, त्यात आगऱ्यांची भातशेतं गेली, आणि शेतं गेलेल्यांना छावणीत पाणी भरायची, भांडी घासायची कामं मिळाली. भगवंत पाणी भरायला लागला. तिथे सोल्जरांसाठी दोरखंड बांधून बॉक्सिंगचा आखाडा केला होता, त्याला ते रिंग म्हणत. ठोसे शिकायचे तर समोर कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि गोऱ्याने गोऱ्याचं नाक कशाला फोडावं? पाण्याचा डबा खाली ठेवून भगवंत उभा राहू लागला. पुढे तो नुसताच मार खाईना. बघता बघता शिकला, इतका की पलटणीत नव्याने आलेल्या आपल्याकडच्या पोरांना सार्जंट त्याच्याच हवाली करायचा. ती पोरं त्याला उस्ताद म्हणत. घरी मात्र तो सांगे, पाणी भरतो. सुजलेल्या डोळ्यावर हळदीचा लेप लावताना गोदूबाईने विचारलं, तर म्हणे, पाय घसरला. एवढं घसरणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता, पण तिने पुढे कधी विचारलं नाही.

लढाई संपली. गोरे गेले आणि त्यांच्या बराकींत सिंधमधून उठून आलेली माणसं राहायला आली. छावणीचं उल्हासनगर झालं. भगवंत उरल्यासुरल्या तुकड्यात भात लावू लागला. मग त्याचा हात कापायला लागला. मग शब्द हरवायला लागले, आणि शब्दांमागोमाग माणसं. कल्याणचा डॉक्टर म्हणाला, डोक्याला जुना मार आहे, याला औषध नाही. जेवण वाढणाऱ्या बायकोला भगवंत "बाई" म्हणायला लागला. "बाई, मीठ द्या." गोदूबाई मीठ द्यायची आणि चुलीपाशी जाऊन डोळे पुसायची. धुराचं निमित्त होतंच.

त्यातच त्याला पळून जायची सवय लागली. उठला की थेट छावणीच्या जुन्या जागी, आताच्या कॅम्प चारच्या बराकीत. तिथे लाजवंती नावाची सिंधी बाई पापड लाटायची. बिचारीने पहिल्यांदा आरडाओरडा केला, नंतर तिच्या लक्षात आलं की हा माणूस निरुपद्रवी आहे. पापड वाळत घातलेल्या खाटांमध्ये उभा राहून तो तिला विचारायचा, माजी पोरं कुठं गेली, रिंग कुठं गेली.

"रोज आता है, बहन," लाजवंती गोदूबाईला म्हणाली. "मैं क्या जवाब दूँ? मेरा तो अपना घर पीछे रह गया."

त्या दिवशी काही केल्या भगवंत तिथून हलेना. तुळशीचा नवरा त्याला ओढायला लागला तर त्यालाही ढकललं. घरी चला म्हटलं तर, "शिकनारा हाय कुनी घरी?" म्हणून विचारलं. गोदूबाई दमली होती. चालून, शोधून, लोकांची क्षमा मागून दमली होती. ती त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "मी शिकनार. मना शिकवा, उस्ताद."

भगवंतने तिच्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी कुणाकडे तरी नीट पाहिलं. "चल, पोऱ्या," तो म्हणाला आणि मुकाट घराकडे चालायला लागला.

पडवीच्या आढ्याला गोणी टांगली ती अशी.

पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, हातातलं काढ, मनगट मोकळं पायजे. हातात हिरव्या बांगड्या. नवरा समोर धडधाकट उभा असताना बांगड्या कशा उतरवायच्या? गोदूबाईने त्या कोपराकडे सारल्या आणि जुन्या लुगड्याचा पट्टा त्याच्यासमोर धरला. भगवंतने तिचा हात हातात घेऊन पट्टा बांधला. अंगठ्याभोवती, मनगटाभोवती, बोटांच्या गाठींवरून. बांधताना त्याचा हात कापत नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उजेडात, अंगणातून चार माणसं बघत असताना, नवऱ्याने आपला हात असा धरलेला तिला आठवेना. तुळशी पदर तोंडावर घेऊन आत पळाली.

मग शिकवणी सुरू झाली. डावा पाय पुढे, उजवा मागे, टाच थोडी उचललेली. बोटं दुमडायची, अंगठा बाहेरून. मूठ आधीपासून आवळायची नाही, लागतानाच आवळायची, नाहीतर हात वाटेतच जड होतो. आणि हात निघायचा तो जिथे आहे तिथूनच. आधी मागे न्यायचा नाही.

इथेच घोडं पेंड खायचं. गोदूबाईचा हात आधी डोक्यावर जायचा आणि मग खाली यायचा. जन्मभर भाताच्या पेंढ्या फळीवर झोडलेली बाई, तिचा हात दुसरं काय करणार?

"भात झोडतंस काय?" भगवंत म्हणे. "वर नेलास की समोरच्याला कलला. सरल जाऊ दे. दोरी वडल्यासारा. आनि ज्या वाटंनं गेला त्याच वाटंनं परत आन. पुन्ना."

"हां, उस्ताद."

"कोपर उडतंय. पुन्ना."

"हां, उस्ताद."

"हात मारतंस नुसता. टाच फिरव, कंबर फिरव, खांदा आपसुक येतंय. पुन्ना."

गोदूबाईला ठोशाशी काय करायचं होतं? पण हे "पुन्ना" तिला हवं होतं. शिकवताना भगवंतची जीभ अडखळत नसे. आणि ती दमली की तो तिला गोणीशेजारी बसवी आणि बोले.

"घरी बायको हाय माजी," एकदा तो म्हणाला. "गोदू. सोनिवलीची. भात लावताना सगल्यांच्या म्होरं असते. मी बांधावर बसून बगायचा तिला. बाकीच्या बाया दिसायच्याच नाय."

बांधावर बसून तो विडी ओढायचा, एवढंच गोदूबाईला माहीत होतं. "तिला सांगितलात कवा?"

"येडा हाय काय तू. घरच्या मानसाला असा काय सांगतात?" मग जवळ सरून, आवाज उतरवून तो म्हणाला, "मी हितं मार खातंय ते तिला ठाव नाय. ती लेप लावते, इचारीत नाय काय. चांगली हाय. तू तिला बोलू नको हां."

"नाय बोलनार," गोदूबाई म्हणाली.

आता सांगा, कुणी हसो नाहीतर थुंको, ही बाई दुसऱ्या दिवशी गोणीसमोर उभी राहणार नाही तर काय? सगळ्या संसारात जे तिच्या वाट्याला आलं नव्हतं ते या पोऱ्याच्या वाट्याला येत होतं. त्या पोऱ्याचा तिला हेवाही वाटायचा, आणि मग तिचं तिलाच हसू यायचं. पण संध्याकाळी तोच माणूस तिला "बाई, मीठ द्या" म्हणायचा, तेव्हा ते हसू टिकत नसे.

पण शिकणाऱ्या हाताची एक खोड असते, तो शिकतो. दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी गोदूबाईची टाच फिरली, कंबर फिरली, आणि हात असा सरळ गेला की गोणी आढ्यापर्यंत उडाली. हात परत हनुवटीशी आला तेव्हा तिलाच नवल वाटलं. आनंदही झाला, खोटं कशाला बोला. तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं.

भगवंतने तिच्या खांद्यावर थाप मारली. "झाला तुजा. हात सुटला. जा आता, दुसऱ्याला पाठव."

"अजून शिकवा ना, उस्ताद."

"आलेल्याला काय शिकवायचा?" त्याने तिच्या हातांचे पट्टे सोडले, त्यांची घडी घातली आणि तिच्याकडे पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी डोळा चुकवून निघाला तो कॅम्प चारमध्येही नव्हता. अंबरनाथच्या बाजूला रुळाच्या कडेने चालताना सापडला, दुसरा पोऱ्या शोधत.

गोदूबाईने त्याला घरी आणलं, त्याच्यासमोर पट्टे धरले, आणि हात डोक्यावर नेऊन गोणीवर आपटला.

"भात झोडतंस काय?" भगवंत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर उजेड आला. "पुन्ना."

तेव्हापासून ती रोज चुकायला लागली. आलेली विद्या लपवणं हे शिकण्यापेक्षा अवघड. हात आपणहून सरळ जायला बघायचा आणि ती त्याला ओढून वर न्यायची. पण घर चाललं होतं. भगवंत पळत नव्हता, पोटभर जेवत होता, आणि गोदूच्या गोष्टी सांगत होता. एकदा तिने धीर करून विचारलं, "उस्ताद, गोदूला भेटायचा नाय का?" तर म्हणाला, "भेटायचा तर हाय. पन ती हल्ली दिसत नाय घरात. कोनतरी दुसरी बाई जेवान वाढते." गोदूबाईने उठून गोणीवर एक ठोसा मारला, चुकीचा.

झोडणीच्या दिवसांतलीच गोष्ट. अंगणभर भाताचे भारे पडले होते. तिने हात वर नेऊन गोणीवर मारला आणि "पुन्ना"ची वाट पाहिली. "पुन्ना" आलं नाही. भगवंत तिच्या पायांकडे बघत होता.

"तू खोटा चुकतंस," तो म्हणाला.

"नाय, उस्ताद."

"खऱ्या चुकनाऱ्याची चूक रोज बदलते. आज कोपर, उद्या टाच. तुजी टाच बरोबर, कंबर बरोबर, आनि हात तेवडा वर. रोज तोच." बायकोचं तोंड विसरलेला माणूस चूक मात्र विसरला नव्हता. "मी येडा झालंय म्हनून मस्करी करतंस माजी?"

गोदूबाई त्याच्या पायाशीच बसली. मस्करी नाही, तुम्ही बोलावं म्हणून केलं, मी गोदू आहे, सोनिवलीची गोदू, सगळं सगळं बोलली. भगवंत ऐकत होता, पण ओळख न पटलेल्या माणसाचं ऐकावं तसं. "बाई, तुमी रडू नका," तो म्हणाला. "त्या पोऱ्याला सांगा, हितं येऊ नको." आणि पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला.

त्यानंतर त्याने पट्ट्यांना हात लावला नाही. पळून जाणंही सोडलं. गाव म्हणालं, बरं झालं, माणूस ठिकाणावर बसला. तुळशीनेही सुटकेचा निःश्वास टाकला. गोदूबाई त्याला अंघोळ घाली, भरवी, आणि तो भिंतीकडे बघत राही. मीठ कमी पडलं तरी मागेना. तिला वाटायचं, नीट मारलेल्या त्या एका ठोशाने आपला संसार गेला, आणि नंतरच्या खोट्या ठोशांनी उरलासुरला गेला.

शेवटी एका सकाळी झोडणी अर्धी टाकून ती पडवीत आली. स्वतःच स्वतःचे हात बांधले, दात लावून गाठ आवळली. आणि काही न लपवता मारलं. सरळ. हात गेला आणि त्याच वाटेने परत आला. पुन्हा मारलं. दोर कुरकुरत होता, पेंढ्याची धूळ उडत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात काही चुकत नव्हता. तुळशी दारात आली, आणि या खेपेला तिने तोंडावर पदर घेतला नाही.

भगवंतने भिंतीकडचं तोंड वळवलं. तिच्या पायांकडे बघितलं, मग हातांकडे.

"चांगला हाय हात," तो म्हणाला.

गोदूबाई थांबली.

"कुनाकडं शिकलास?"

नवऱ्याचं नाव गोदूबाईने आयुष्यात एकदाच घेतलं होतं, मांडवात, बायकांनी अडवलं म्हणून, उखाण्यात गुंफून. आता उखाणा नव्हता. जाऊ दारात उभी होती.

"भगवंतकडं," ती म्हणाली. "आशेल्याचा भगवंत. उस्ताद बोलायचं त्याला."

भगवंतने नाव तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. मान हलवली. "नाय आयकला कवा. अजून शिकवतो काय?"

"नाय," गोदूबाई म्हणाली. "आता नाय शिकवत."

"वाईट झाला," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "तुजा हात बगायला पायजे व्हता त्यानं."