निकेलवरचा लेप

बोरगावच्या त्या कारखान्यात सरकीच्या तेलाचं वनस्पती तूप होत असे. त्याला हायड्रोजन लागतो. तो तिथंच, टाक्यांतल्या पाण्यात निकेलच्या जाळ्यांमधून वीज सोडून काढत. विजेचा खर्च मात्र सगळी कमाई खाऊन जाई, आणि मालक भगवंतराव कारखाना बंद करायच्या गोष्टी बोलू लागले.

कारखान्याची केमिस्ट विजया मोहगावहून स्कूटीवर यायची. ती त्यांना म्हणाली, "भाऊ, टाकीतल्या निकेलच्या जाळ्यांवर वेगळा लेप दिला तर तेवढाच गॅस कमी विजेत निघन. मले करून पाहू द्या."

हिवाळाभर ती लेप देत राहिली, खरवडत राहिली, पुन्हा देत राहिली. शेवटी एक टिकला. त्या जाळ्या मोठ्या टाक्यांत बसवल्या आणि विजेचा वापर खरंच उतरला. ऑपरेटर चिंधूनं संत्र्याची बर्फी आणून सगळ्यांना वाटली.

उन्हाळ्यात विजेची लाइन जायला लागली. भर दुपारी, न सांगता. एकदा टाकी साफ करताना चिंधूला तळाशी काळा गाळ दिसला.

"मॅडम, हे काय होऊन राहिलं जी?"

विजयानं गाळ बोटावर घेतला. "लेप आहे, चिंधूभाऊ. लाइन गेली का टाकीत करंट उलटा फिरते. तोच लेप सोडवून राहिला."

तिनं नव्यानं लेप दिला. तोही गेला. मग ती भगवंतरावांकडे गेली. "लाइन गेल्यावर थोडासा करंट चालू ठेवाले बॅटऱ्या लावू. लेप वाचन."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"ताई, तुमचं खरंही असन. पण आता वनस्पती तूप घेते कोण? मिठाईवाले, बेकरीवाले, सगळे दुसऱ्या तेलावर गेले. गॅस फुकट भेटला तरी कारखाना चालत नाही."

"मग हिवाळ्यात काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही इतक्या जीव लावून करून राहिल्या होत्या," ते म्हणाले. "मलेही वाटलं, काही होईन."

विजया बाहेर आली. स्कूटी सुरू करायला तिला बराच वेळ लागला.

दिवाळीआधी टाक्या भंगारात गेल्या. चिंधूला पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं, तेही हंगामापुरतं. विजया आता मोहगावजवळच्या सौंसरहून नागपूरची बस धरते आणि एका लॅबमध्ये दिवसभर बोअरचं पाणी तपासते. बॅटऱ्या लावल्या असत्या तर लेप टिकला असता का, हे तिला अजून माहीत नाही.