दोऱ्याचा बावटा

धर्माजी गेटमनला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको भीमाबाई. कर्जत-खोपोली लाईनीवर केळवलीच्या अलीकडच्या एका फाटकावर हा माणूस वीस-बावीस वर्षं बावटे दाखवत आला आणि एकदाही चुकला नाही, कारण हिरव्या बावट्याच्या दांडीला मुठीपाशी भीमाबाईनं जाड दोरा गुंडाळून ठेवलेला असे. बोटांना दोरा लागला की हिरवा, गुळगुळीत दांडी लागली की लाल. रात्रीच्या दिव्याची कळ किती फिरवायची ते मनगटाला पाठ होतं. दोरा झिजला की भीमाबाई नवा गुंडाळायची. नवऱ्याची झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवता ठेवता तिची जवानी सरली, आणि त्याबद्दल कुणी तिला कधी शाबास म्हटलं नाही. नवऱ्यानं तर नाहीच.

नोकरी लागली तीही तशीच. डोळे तपासायला ठिपक्यांचं एक पुस्तक असतं. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपलेला असतो, तो वाचून दाखवायचा. धर्माजी दाराबाहेर रांगेत उभा राहिला आणि आतले उमेदवार मोठ्यानं जे आकडे बोलत होते ते त्यानं ओळीनं पाठ केले. पुढं दर खेपेच्या तपासणीलाही तेच पुस्तक निघालं, आणि पानंही पहिल्यापासूनच उलटली गेली.

इथवर ऐकून कुणालाही त्याची कणव यावी. पण धर्माजीला कणव नको होती, मान हवा होता, आणि तोही नेमका डोळ्यांचा. खोट्या नाण्याचा आवाज मोठा, म्हणतात ते काही उगीच नाही. "रेल्वे डोळं बघून घेते, तोंड बघून नाय," हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते तो खास आपल्या मुलाला ऐकवायचा. कमळाकर मॅट्रिक झालेला, पंचविशी गाठलेला, बिनकामाचा. खोपोलीच्या कारखान्यांच्या दारात उभं राहून त्याच्या चपला झिजल्या होत्या. नोकरी नाही म्हणून लग्न नाही, आणि सरकारी नोकरीचं वय तर डोळ्यांदेखत निसटत चाललेलं. तो ताटावर बसला की बाप म्हणायचा, "खा. डोळं मिटून खा. तुला तेवढंच जमतं." भीमाबाई भाकरी थापत हे ऐकायची. कुणाच्या डोळ्यांच्या जिवावर हे घर चाललंय ते तिच्या जिभेवर यायचं आणि ती गिळायची.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात धर्माजीच्या वस्तीनं, बौद्धवाडीनं, रंगीत टीव्ही घ्यायचं ठरवलं. वरच्या आळीत तो आधीच आला होता. बौद्धवाडीतली माणसं बघायला गेली की त्यांना अंगणात बसवायचे, आणि आत जागा रिकामी असली तरी अंगणातच. मग विहारात आपला टीव्ही हवा असं मंडळाचा अध्यक्ष काळूराम याच्या मनानं घेतलं. घरोघर वर्गणी निघाली. ती कंपनीच्या सेटाला पुरणारी नव्हती, मुंबईहून सुटे भाग आणून जुळवलेल्या सेटाला कशीबशी पुरली असती. स्वस्तातली वस्तू पारखून घ्यायला जाणता माणूस लागतो. काळूराम सभेत म्हणाला, "रंगाचं काम हाय. सरकारनं डोळं तपासून घेतलेला आपल्यात एकच मानूस हाय. धर्माजीमामा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर भीमाबाईनं दार लोटून घेतलं.

"पोटात दुखतं म्हनून सांगा. नायतर ड्युटी हाय म्हना."

"का? मला काय कळत नाय?"

"तुमाला काय कळतं ते मला सांगू नका, अवो."

पण जन्मात पहिल्यांदा चारचौघांनी त्याला पुढं केलं होतं. काळूराम आणि कमळाकरला बरोबर घेऊन तो गेला.

शिळफाट्याच्या दुकानात तीन सेट शेजारी शेजारी चालू होते. धर्माजीला तिन्हींत निळा दिसला, पिवळा दिसला आणि बाकी सगळा चिखल. पण माणूस बेरकी. त्यानं काळूरामला विचारलं, तुला कंचा बरा वाटतो. मग कमळाकरला विचारलं. टेंपोवाल्यालाही विचारलं. तिघांचं बोट पडलं त्या सेटाकडं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "माजं बी तेच मत." तो सेट सगळ्यात स्वस्त निघाला तेव्हा तर मामांची वाहवा झाली.

दुकानदार खरं बोलणारा होता. "कंपनीचा सेट रंग धरून ठेवतो, हा सोडतो," तो म्हणाला. "मागं तीन स्क्रू हायत. लाल, हिरवा, निळा. संध्याकाळी कार्यक्रमाच्या आधी पडद्यावर रंगीत पट्ट्या लागतात, तवा जुळवायचं. पांढरी पट्टी पांढरी दिसली पायजे आन मानसाचा चेहरा मानसासारखा. एवढं साधलं तर हा बी कंपनीच्या तोडीचा. पन जुळवनाऱ्याची नजर पायजे." काळूरामनं धर्माजीच्या पाठीवर हात ठेवला. कमळाकरनं सेट मांडीवर घेऊन, टेंपोच्या हादऱ्यांपासून लेकरागत जपत तो वस्तीवर आणला.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी विहार गच्च भरला. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. वरच्या आळीतल्या चार जणांना मुद्दाम बोलावलं होतं आणि मुद्दाम पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं. काळूरामनं टीव्हीशेजारी पंचशील ध्वज टांगला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी. "मामा, ह्याच्याशी ताडून घ्या," तो म्हणाला. "आपल्या झेंड्यावर जुळलेला टीव्ही पंचक्रोशीत नसंल."

पट्ट्या लागल्या. धर्माजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागं गेला, पुढं आला, झेंडा बघितला, मागं गेला. निळा जमला. मग त्यानं लालचा स्क्रू फिरवला, त्याला काही फरक दिसेना. आणखी फिरवला. मग हिरवा. विहारात चिडीचूप झालं. पांढरी पट्टी शेवाळली, तांबडी काळवंडली, आणि मामांना कोण बोलणार म्हणून माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. धर्माजीला ती शांतता मानाची वाटली. त्याची छाती भरून आली. भीमाबाईनं पदर तोंडावर घेतला.

"झालं," तो म्हणाला.

बातम्या लागल्या. पडद्यावर बाई आली ती हिरवी. ओठ काळे, दात हिरवे. मागून कुणी तरी म्हणालं, "हिला इंचू चावला का काय?" आणि विहार हसला. वरच्या आळीतले चौघं सगळ्यात मोठ्यानं हसले.

काळूराम खाली वाकून म्हणाला, "मामा, बाई हिरवी दिसते."

नाचता येईना अंगण वाकडं, पण अंगणसुद्धा कुणाचं तरी असावं लागतं. धर्माजीची नजर मुलावर गेली.

"टीव्ही आपटलाय," तो म्हणाला. "टेंपोतनं उतरवताना कमळ्याच्या हातनं निसटला. मी तवाच बोल्लो व्हतो."

सगळा विहार कमळाकरकडं वळला. टीव्हीत घरोघरची वर्गणी होती. कुणी तरी त्याच्या बेकारीचा उद्धार केला, कुणी म्हणालं, भाकरी मोडायला तेवढा पुढं. कमळाकर उठला, बापाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला, मागं गेला आणि पडद्याकडं मान वाकवून हलक्या हातानं स्क्रू फिरवत राहिला. बाईचा हिरवेपणा उतरला. गाल गव्हाळ झाले, ओठ लाल झाले, कपाळावरची टिकली कुंकवाच्या रंगाची झाली.

धर्माजीला यातलं काहीच दिसलं नाही. त्याला एवढंच दिसलं की त्यानं जुळवलेल्या कामात पोरानं सगळ्यांदेखत हात घातला.

"अजून बिघडवलास, भाड्या," तो म्हणाला आणि त्यानं मुलाच्या थोबाडीत मारली.

आता मात्र कुणी हसलं नाही. काळूराम चाचरत म्हणाला, "मामा, आता तर बरोबर दिसतंय."

"हां. मंग... मी म्हनतो, मधी हात लावू नये," धर्माजी म्हणाला आणि ध्वजाची घडी करू लागला. लोकांनी म्हाताऱ्याचा ताठा म्हणून सोडून दिलं. कमळाकर गालावर हात ठेवून बापाकडं बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मुलानं ताटाकडं बघत म्हटलं, "बाबा, टोपलीतली हिरवी मिरची द्या."

टोपलीत ताज्या मिरच्या होत्या, काही हिरव्या, काही पिकून लाल झालेल्या. धर्माजीनं वरची उचलून दिली. ती लाल होती. कमळाकरनं ती भाकरीबरोबर सावकाश खाल्ली. भीमाबाई चुलीपुढं बसून हे बघत होती. मायलेकांची नजर एकदा भेटली, आणि तिनं खाली बघितलं नाही.

धर्माजीला काही कळलं नाही. उलट हात धुता धुता तो म्हणाला, "चार लोकांत माजी मान खाली घातलीस. रेल्वे डोळं बघून घेते, तोंड बघून नाय. तुला जलमात कोन घेत नाय."

त्या काळी डोळ्यांनी अनफिट ठरलेल्या माणसाच्या मुलाला त्याच्या जागी घेत असत. ही गोष्ट लाईनीवर सगळ्यांना ठाऊक होती. धर्माजीलाही ठाऊक होती, फक्त तिचा आणि आपला काही संबंध आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळची गाडी कर्जतहून सुटल्याचा निरोप आला. धर्माजीनं फाटक लावलं, कोपऱ्यातले बावटे चाचपले, दोऱ्याची दांडी उचलली आणि रोजच्यासारखा ऐटीत उभा राहिला. गाडी वळणावर आली. त्यानं बावटा उलगडून धरला.

इंजिननं कर्कश शिट्टी मारली आणि ब्रेक लागले. गाडी फाटकाच्या तोंडाशी येऊन थांबली. खिडक्या-दारांतून माणसं डोकावली. ड्रायव्हर खाली उतरून आला.

"काय झालं? गाडी का अडवली?"

"कुनी अडवली? हिरवा हाय."

"हा हिरवा?"

धर्माजीनं अंगठ्यानं दोरा चाचपला. दोरा जागच्या जागी होता. "हिरवाच हाय," तो म्हणाला, पण आवाज फाटला होता. घाईघाईनं त्यानं दुसरा बावटा ओढून काढला आणि ड्रायव्हरसमोर फडकवला. "ह्यो बघा लाल. आन ह्यो हिरवा."

"दोन्ही लाल हायत रं बाबा," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला. पण ते दारातल्या माणसांनी ऐकलं आणि डब्यामागून डबा हसत गेला. दोन्ही हातांत दोन लाल बावटे घेऊन धर्माजी तिथंच उभा होता. रोजची माणसं होती ती, रोज त्याला हात करणारी.

पुढचं सगळं झटपट झालं. नव्या डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक मधूनच उघडलं. धर्माजीनं पहिल्या पानाचा आकडा सांगितला. डॉक्टरनं मुकाट्यानं दुसरं पान काढलं, यानं दुसऱ्या पानाचा सांगितला. असं सगळं पाठांतर त्यानं अखेरपर्यंत म्हणून दाखवलं, आणि डॉक्टरनंही ते अखेरपर्यंत ऐकून घेतलं.

दिवाळीच्या सुमारास कमळाकर फाटकावर रुजू झाला. वस्तीत पेढे वाटले. विहारातला टीव्ही आता तोच जुळवायचा, आणि रंग बघायला वरच्या आळीतली माणसंसुद्धा यायची. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण पेढे खाताना ते कुणाला आठवत नाही. धर्माजी ओसरीवर बसून असायचा. पोरं जाता-येता त्याला विचारायची, "मामा, माजी टोपी कंच्या रंगाची?"

एका दुपारी भीमाबाई मुलाचा डबा भरत होती. पत्र्याची ट्रंक उघडून तिनं एक बावटा काढला आणि डब्याच्या पिशवीत खोचला. त्याच्या दांडीला दोऱ्याचे जुने वळ पडलेले होते. धर्माजी उठून आत आला. त्यानं त्या दांडीवरून बोट फिरवलं. बावीस वर्षांची ओळख होती, चुकणार कसं.

"ह्यो हितं कसा?"

"मीच आनून ठेवला व्हता," ती म्हणाली. डबा भरता भरता तिनं मानही वर केली नाही. "फाटकावर दोन लाल असतात, एक हिरवा. हिरवा मी घरी आनला आन दोरा लालला गुंडाळला. तुमी काय बी उचललं असतं तरी लालच निघालं असतं. गाडी थांबली असती. कुनी मेलं नसतं."

धर्माजी दांडीवरचं बोट न काढता म्हणाला, "गाडीतल्या परक्या मानसांची काळजी केलीस. माजी नाय केलीस?"

भीमाबाईनं डब्याची कडी लावली.

"तुमची केली की बावीस वरसं," ती म्हणाली. "आता पोराची करते." आणि पिशवी उचलून ती फाटकाकडं निघाली.