अनसिंगच्या उन्हातला लिक्विड कूलर

मी एक जुना लिक्विड कूलर आहे. थांबा मित्रांनो, खिडकीत बसून घरभर पाण्याचे शिंतोडे उडवणारा तो मी नव्हे. तो आपल्याकडं घरोघरी असतो आणि उन्हाळ्यात त्याचा मान मोठा. मी आपला संगणकाच्या पोटात राहतो. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, काम करताना तापतो. माझी तांब्याची चकती त्याच्या डोक्याला टेकलेली असते. ती उष्णता उचलते, नळ्यांतलं पाणी ती जाळीपर्यंत वाहून नेतं आणि जाळीवरचा पंखा ती बाहेर फुंकून देतो. काम एवढंच, पण त्याला सुट्टी नाही.

कारखान्यात माझ्यात पाणी भरून मला कायमचं बंद केलं. तिथून खोक्यात आदळत आपटत मी वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगला, रूपाच्या घरी आलो. रूपा संगणकावर लहान मुलांसाठी हलती चित्रं बनवते. मला बसवल्यावर तिनं तापमानाचा आकडा पाहिला आणि म्हणाली, "आई, पाह्य, किती थंडा राह्यते हा." रुख्मिणीबाईंनी संगणकाच्या पेटीच्या काचेतून डोकावून मान हलवली. त्यांना काही कळलं नसावं, पण कौतुक ते कौतुक. मी आठवडाभर फुगून होतो.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत धूळ थेट घरात येते. माझ्या जाळीत बारीक भुसा अडकायचा. रूपा तो मऊ ब्रशनं झाडायची. कधी कधी विसरायची, तेव्हा माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण तक्रार करायला मला तोंड कुठं आहे?

मग यंदाचा मे महिना उजाडला. नागपूरच्या एका कंपनीनं रूपाला मुलांच्या गोष्टींची चित्रफीत बनवायला दिली होती. रविवारपर्यंत झाली तर वर्षभर घरबसल्या काम, नाहीतर पुण्याला नोकरीवर जाणं ठरलेलं. रूपाला घर सोडायचं नव्हतं. तिच्या बाबांना, इंद्रभानना, तर तो विषयही नको असे, फक्त ते बोलून दाखवत नसत.

काम लवकर उरकावं म्हणून रूपानं प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवला. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. तो सुसाट सुटला आणि मी त्याच्यामागं धापा टाकत. खोलीतच चव्वेचाळीस अंश, आणि माझा पंखा एकुलता एक. भर दुपारी संगणक बंद पडला. सुरू केला की पुन्हा बंद. रूपा डोक्याला हात लावून बसली.

तेव्हा इंद्रभाननी काय केलं, सांगतो. घरात खिडकीचा कूलर एकच. तो त्यांनी स्टँडसकट ओढत आणला आणि त्याचं तोंड थेट संगणकाकडं केलं.

"बाबा, तुमाले झोप नाही येणार," रूपा म्हणाली.

"माह्या अंगाले घामाची सवय हाये. मशीनले नाही." एवढं बोलून ते ओला टॉवेल छातीवर घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात फरशीवर पडले.

पहिल्या दिवशी आकडा खाली आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पण आमच्याकडं बोअरचं पाणी खारं. कूलरमधून उडणाऱ्या त्या पाण्याच्या तुषारांनी माझ्या जाळीवर पांढरी पुटं चढली, स्क्रू गंजायला लागले. संगणक पुन्हा बंद पडू लागला. एक माणूस माझ्यासाठी घामानं निथळतो आणि त्याचाही उपयोग होत नाही, याची मला फार लाज वाटली.

शेवटी रुख्मिणीबाई बोलल्या. "रूपा, बाबाची पाठ पाह्यली का तू? घामोळ्यानं लाल झाली. ह्या मशीनचा काही इलाज कर."

रूपानं मला संगणकातून काढलं, पिशवीत घातलं आणि एसटीनं रिसोड गाठलं. तिथं तिची मैत्रीण अफ्रीन संगणक दुरुस्तीचं दुकान चालवते. रूपाची नजर एका झगमगत्या, दिव्यांच्या कूलरवर गेली.

"दिवे पाहून घेऊ नोको," अफ्रीन म्हणाली. "याची जाळी तुह्या जुन्याएवढीच हाये. तीन पंख्याचा लांब घे. पण तो बसन का, ते पाह्य."

रूपानं घरी फोन लावला. रुख्मिणीबाईंनी शिलाईच्या टेपनं संगणकाच्या पेटीचं माप घेऊन सांगितलं. वरती नाही, पण समोरच्या बाजूला बरोबर बसत होता.

"आणखी एक आयक," अफ्रीन म्हणाली. "कोणताच असा कूलर मशीनले खोलीच्या हवेपेक्षा थंडा करू शकत नाही. दुपारी वेग कमी ठेव. अन् खिडकीचा कूलर बाबाकडं वळव. खोली गार झाली का मशीनलेही बरं."

मला भंगारात टाकायचं का, असं अफ्रीननं विचारलं तेव्हा माझ्या नळ्यांतलं पाणी थिजलं.

"नाही. यानं आपल्या परीनं लय केलं," रूपा म्हणाली. तेवढं एक वाक्य मला जन्माला पुरलं.

नव्या भावानं माझी जागा घेतली आणि मी टेबलावर बसून पाहत राहिलो. तीन पंख्यांनी तो शांतपणे काम करत होता. हेवा वाटला का? थोडा वाटला, खोटं कशाला बोलू? पण शनिवारी चित्रफीत पूर्ण झाली आणि रूपानं ती पाठवली, तेव्हा तो हेवाही गेला.

कंपनीचा होकार आला तो भर दुपारी. रूपा फोन घेऊन बाबांना सांगायला धावली आणि दारातच थांबली. खिडकीतल्या कूलरच्या गार झोतात इंद्रभान गाढ झोपले होते. रुख्मिणीबाईंनी हळूच म्हटलं, "झोपू दे. पोरगी आता कुठं जात नाही."

मित्रांनो, यंत्रांना जपा. त्यांची धूळ झाडा, त्यांना झेपेल तेवढंच पळवा, आणि बदलायची वेळ आली तर नीट मापून, विचारून बदला. आम्ही उपकार विसरत नाही. पण घरात गार हवा एकच असेल, तर ती आधी माणसाला द्या.