सही म्हणजे पाहणी

“आता हे कोणालाही खरं वाटणार नाही. मी स्वतः तिथे होतो, तरी मलाच वाटत नाही,” असं म्हणत फोरमन शत्रुघ्नकाकांनी डोक्यावरचं हेल्मेट टेबलावर उलटं ठेवलं आणि ओला रुमाल पिळून एसीच्या जाळीवर वाळत घातला.

पाणी ठिबकेल म्हणून कौमुदीने लॅपटॉप बाजूला घेतला. पोर्टा केबिनच्या दाराला पाठ लावून बाळा उभा होता. हा शटरिंगचा, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणारा, सुतार. पाच वर्षांपूर्वी काकांनीच त्याला कणकवलीहून कुवेतला आणला होता. उन्हामुळे बाहेरचं काम चारपर्यंत बंद होतं, त्यामुळे काकांच्या गोष्टीला आज श्रोते दोन होते.

“काका, मी साधं विचारलं,” कौमुदी म्हणाली. “फॉर्मवर सही करण्याआधी तुम्ही काय काय बघता, एवढंच सांगा.”

“तेच सांगतोय. मुळापासून सांगायला नको?”

तिला मुळापासून नको होतं. गुरुवारचे तीन वाजले होते आणि पाचच्या आत तिला काम पाठवायचं होतं. कंपनीने बांधकामाच्या सॉफ्टवेअरला एक एआय एजंट जोडला होता. स्लॅब ओतण्याआधीच्या पाहणीचे साइटवरचे फॉर्म तपासायचे आणि सगळं ठीक दिसलं की काँक्रीटच्या गाड्या मागवायच्या, हे रविवारपासून तो एकटा करणार होता. फॉर्म पाहण्यासाठी त्याला एपीआयचं एक टूल दिलं होतं, आणि त्या टूलचं वर्णन कौमुदी लिहीत होती: ते कधी वापरायचं, त्यातून काय परत येतं, परत आलेल्याचा अर्थ काय घ्यायचा. सगळं लिहून झालं होतं, राहिला होता एकच रकाना. फोरमनची सही. तिचा अर्थ ऑफिसात बसून लिहिणं तिला बरं वाटेना, म्हणून ती सालमियातल्या ऑफिसातून मीना अब्दुल्ला भागातल्या या साइटवर आली होती. जुन्या फॉर्मांवरच्या बहुतेक सह्या काकांच्या होत्या.

“जुलै महिना,” काका म्हणाले. “सकाळी सातला स्लॅब ओतायचा, आणि सहाला वाळूचं वादळ. असलं वादळ, मॅडम, की आमच्या कोपऱ्यातल्या कॉलमचं शटरिंग उभंच्या उभं उडालं आणि शेजारच्या प्लॉटवर बरोबर ओळंब्यात जाऊन उभं राहिलं. त्या लोकांनी त्यात काँक्रीट भरलंसुद्धा. आजही आहे तो कॉलम. त्यांच्या नकाशात नाही, पण आहे.”

“मागच्या वेळच्या गोष्टीत प्लायवूडचा एक तक्ता उडाला होता,” बाळा दारातून म्हणाला.

“तू डोळे मिटून बसला होतास. तुला काय दिसणार?” काकांनी त्याच्याकडे न बघताच खुर्ची पुढे ओढली. “खाली तीन गाड्या उभ्या. उन्हाळ्यात काँक्रीट तापू नये म्हणून त्यात बर्फ घालतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी प्लांटवाल्याचा बर्फ संपला. त्याने उचलला मासळी बाजारातून. मी पहिल्या गाडीतलं थोडं काँक्रीट घमेल्यात काढायला लावलं, तर वर पापलेट. ताजं. कल्ले लालभडक.”

“बांगडा होता तो. त्याला बढती कधी मिळाली?” बाळाने विचारलं.

कौमुदी हसली. स्क्रीनवर अजून एक अक्षर उमटलं नव्हतं.

“आणि सही, काका?”

“आलोच. बर्फ घाला नाहीतर काही घाला, गाडीत काँक्रीट टिकतं किती? दीड तास. तपासायला येणारा कन्सल्टंटचा माणूस वादळात अडकलेला. पंपवाला हॉर्न मारतोय, ऑफिसातून फोनवर फोन. माझी सही पडली की पंप सुरू, नाहीतर तिन्ही गाड्यांचा माल वाळवंटात नेऊन ओतायचा.” काकांचा आवाज जरा खाली आला. “तेव्हा मी वर चढलो. सळया मोजल्या. सळयांखालचे कव्हर ब्लॉक एकेक करून हाताने चाचपले. मग खाली येऊन शटरिंगला टेकू दिलेला प्रत्येक जॅक हलवून पाहिला. आणि मग सही केली.”

या वेळी कौमुदीची बोटं भराभर चालली. यात ना वादळ होतं, ना मासा. तिला हवं होतं तेवढंच होतं. बाळा बुटाच्या टोकाने जमिनीवरची वाळू एका रेषेत गोळा करत होता.

“वाचते,” ती म्हणाली. “‘सळया, कव्हर ब्लॉक आणि शटरिंगचे जॅक प्रत्यक्ष तपासल्यानंतरच फोरमन सही करतो. सही असल्यास पाहणी पूर्ण झाली असे समजावे.’ बरोबर?”

काकांनी जाळीवरचा रुमाल काढला. तो अजून ओलाच होता. तरी त्यांनी त्याची घडी घातली.

“हे वाचून तो एजंट काय करणार?”

“सही दिसली की गाड्या मागवणार.”

“कोणाला विचारणार नाही? एखादा फोन?”

“मी तसं लिहिलं तर विचारेल. नाही लिहिलं तर कशाला विचारेल?”

“माणूस असता तर त्याने फॉर्म घेताना एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं असतं.”

“त्याला तोंड दिसत नाही, काका. त्याला एवढंच दिसतं.” तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

काकांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. खिडकीतून रविवारच्या स्लॅबचं शटरिंग दिसत होतं. खाली जॅकची दाटी होती आणि एक टोक अजून बांधायचं राहिलं होतं. स्लॅब ओतत असताना त्या जॅकमध्ये उभं राहून, कुठला सरकतोय का ते बघायचं काम सुताराचं असतं. रविवारी तिथे बाळा असणार होता. आणि त्या स्लॅबचा फॉर्म टेबलावर होता, खाली काकांची सही असलेला. त्यांनी चष्मा काढून त्याच फॉर्मवर ठेवला.

“मॅडम, हे अजून पाठवू नका.”

“चुकलं का काही?”

काका दाराकडे वळले.

“काय रे बाळा. माझ्या माशाची बढती काढून घेतलीस, कॉलमचा तक्ता केलास. आणि इथे गप्प?”

बाळाने आधी कौमुदीकडे पाहिलं, मग काकांकडे. वाळूची रेषा पायाने पुसून टाकली.

“बोल की. मॅडमना पाचच्या आत पाठवायचंय.”

“काका, त्या दिवशी तुमी वर गेलेच नव्हते,” बाळा म्हणाला. “जॅक पण नाय बघितले. फॉर्म मीच आणून दिला तुमच्या गाडीत. तुमी स्टेअरिंगवर ठेवून सही केली.”