टाकीतली बाई

टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत पन्नास-साठ माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळ्यांच्या नजरा एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणावर खिळल्या होत्या. गाडीबाबाने झाकणाला कान लावला, डोळे मिटले आणि तो कुजबुजला, "बसलीय. पुलावर मेलेली बाई. हिला वेग सोसत नाही, म्हणून चालत्या इंजिनाचा गळा धरते!"

मग त्याने झटक्यात झाकण पिळलं. 'हुस्स्स' असा लांबलचक आवाज झाला. पुढचे लोक दचकून मागच्यांच्या अंगावर गेले.

"गेली!" बाबा गरजला. "मार किल्ली!"

वाटेत तीनदा बंद पडलेली गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. लोकांनी हात जोडले. एकाने तर मागच्या चाकाला कपाळ टेकवलं. ते चाक सकाळी कशाकशातून गेलं होतं हे ठाऊक असल्यामुळे ताईला शिसारी आली.

ताई म्हणजे पलीकडच्या गॅरेजची मालकीण, आणि गाडी तिच्या धाकट्या भावाची. महिनाभर ती या गाडीशी झटत होती. प्लग बदलले, फिल्टर बदलला, पंप तपासला. गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी चालायची आणि रस्त्यावर अर्ध्या तासात मान टाकायची. गेल्या आठवड्यात ऐन पुलावर बंद पडली, तेव्हा मागून येणारा ट्रक वीतभर अंतरावरून गेला. गाडीत त्यांचे वडील होते, डायलिसिसला निघालेले.

बाबाने डब्यातला काळा चिकट लेप काढून झाकणावर पुन्हा जाडसर थापला. "रक्षालेप आहे, खरवडायचा नाही. आणि ऐक, आजारी माणसाच्या वासाने ती परत येते. आठ दिवस म्हाताऱ्याला गाडीत घ्यायचं नाही. कुठल्याच गाडीत."

"बरं, बाबा," भाऊ म्हणाला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बरं काय? उद्या त्यांचं डायलिसिस आहे. आठ दिवसांत काय होईल कळतंय का तुला?"

"ताई, तुला महिनाभर जमलं नाही ते त्यांनी मिनिटात केलं. तू जरा गप्प बस ना."

हे मात्र तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. पण तो 'हुस्स' तिच्या कानातून जाईना. "हा लेप पहिल्यांदा कधी लावलास?" तिने विचारलं.

भाऊ चाचरला. "महिना झाला. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बाबांकडून लावून घेतला. तू हसशील म्हणून सांगितलं नाही."

तिने त्याच्या हातातून किल्ली हिसकावली आणि त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं.

मोठ्या रस्त्याला लागून पंचवीस मिनिटं झाली तशी गाडीने आचके दिले आणि बंद पडली. ताईने ती कडेला घेतली. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद झाकणाच्या फटीशी धरला आणि झाकण हळूच सैल केलं. 'हुस्स' झालं आणि कागद फटीला चिकटला.

"बघ. बाई बाहेर पडली म्हणतोस, मग कागद आत कसा ओढला गेला? ही हवा आहे, आत जाणारी. पेट्रोल संपत जातं तशी त्याच्या जागी हवा यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते या चिखलाने बुजलंय. हवा नाही, तर पेट्रोल पुढे सरकणार कसं?"

"मग गॅरेजमध्ये कशी चालायची?"

ताईने कपाळावर हात मारला. "दर वेळी पेट्रोल बघायला मीच आधी झाकण उघडायचे. हा काळा थर रोज दिसायचा, मळ समजून सोडला. मूर्ख मी!"

तिने लेप खरवडला, भोक तारेने मोकळं केलं. नंतर तासभर गाडी पळवली. ती एकदाही अडली नाही.

दोघं परतले तेव्हा बाबा आपल्या गाडीला टेकून पुढच्या भक्ताला बाईची हकीकत सांगत होता. त्याची गाडीही जुनी, अगदी त्याच बनावटीची. ताईने तिचं झाकण पाहिलं. लखलखीत होतं.

"बाबा, तुमच्या गाडीला लेप नाही?"

"आम्हाला गरज नाही, पोरी."

"असू द्या, घ्या थोडा." तिने डबा उचलला आणि बोटभर लेप झाकणावर चोपडला. "आता या पुलावरून फिरून."

बाबाने तिचा हात पकडला. "अगं, मधेच बंद पडेल ना!"

बोलून गेला आणि जीभ चावली. पण सगळ्यांनी ऐकलं होतं. टायरवाला पुढे आला. "म्हणजे तुला माहीत होतं?" बाबा घाईघाईने झाकणावरचा लेप पुसू लागला.

ताईला त्याच्याकडे बघवेना. तो अडाणी असता तर तिने समजावलं असतं. हा तर जाणूनबुजून गाड्या पुलावर बंद पाडत होता, आणि वर एका आजारी म्हाताऱ्याला उपचाराविना घरात बसवायला निघाला होता. ती थुंकली. हात चिंधीला खसाखसा पुसला तरी तो डांबरट वास जाईना.

"आणि तुम्ही!" ती गर्दीकडे वळली. "चाकाच्या पाया पडलात, पण झाकण उलटं करून बघावंसं एकालाही वाटलं नाही? उद्या गाडी अडली तर विचारा, काय बदललं, कधी बदललं, कशाने सुरू झाली. मलाही विचारा, मीही चुकते. पण विचारल्यावर जो दटावतो, त्याच्या हातात आपला माणूस देऊ नका."

दुसऱ्या दिवशी भावाने स्वतः झाकण तपासलं, वडिलांना मागच्या सीटवर नीट बसवलं आणि पूल ओलांडून ठरल्या वेळेला दवाखान्यात पोचवलं.