भरलेल्या टाकीचा आवाज

पारूबाईने पान्याची मूठ टाकीवर खालून वर ठोकत नेली. खाली ठस्, मध्ये ठस्, अगदी काठाजवळही ठस्. मोकळा टण् असा आवाज कुठूनच आला नाही. तिने मान वर करून बसच्या दारातल्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर चार दिवे होते आणि एकच लागला होता. म्हणजे पाटीचं ऐकायचं तर सांडपाण्याची टाकी जवळजवळ रिकामी होती.

"सिद्धलिंगदादा, सायबाला सांगा, टाकी तुडुंब हाय," ती म्हणाली.

ड्रायव्हर सिद्धलिंगने पाटीकडे बोट दाखवलं. दिवा एकच आहे, आणि ही पाटी काही लातूरच्या बाजारातली नाही, परदेशातून आलेली आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

लातूर जिल्हा वेगळा होऊन पाचच वर्षं झाली होती. निम्म्या कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांत होत्या. त्या नव्या जिल्ह्याला कुठल्याशा परदेशी संस्थेने डोळ्यांच्या ऑपरेशनची ही बस भेट दिली होती. आत टेबल, मोठा दिवा, हात धुवायचं बेसिन. खाली दोन टाक्या, एक चांगल्या पाण्याची, एक वापरलेल्या. टाकीच्या अंगात पितळी खिळे होते, पाणी जिथवर चढेल तिथवरचे दिवे लागायचे. निदान लागायला हवे होते. पण साबणाचा गाळ खिळ्यांना चिकटला की रिकामी टाकी भरलेली दिसे, आणि खड्ड्यात आदळून तार सुटली की भरलेली टाकी रिकामी. पहिल्याच वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या हदगावने बस मागून नेली, तिथल्या शिबिरात पाटीवर विसंबून राहिले, आणि बेसिनमधून घाण पाणी उलटं वर आलं. खोली नासली. तेवीस म्हातारी माणसं आपापले डोळे तसेच घेऊन बैलगाड्यांनी परत गेली.

ती खोली पुसून काढली होती पारूबाईने. सफाई कामगार म्हणून टाकी उपसणं तिच्याकडेच होतं. त्या दिवसापासून ती टाकीला कान लावायला शिकली. कुणी शिकवलं नाही. उन्हाळ्यात नुसता तळहात टेकवला की गार जिथवर लागे तिथवर पाणी. ऑपरेशन चालू असताना आत जायची मात्र तिला मुभा नव्हती. चार वर्षं ती त्या खोलीच्या खाली वावरली होती. वर काय चालतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

आज बस जळकोटला शाळेच्या मैदानात उभी होती. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. गावात पाणी उरलेली एकच विहीर, तीही मैदानालगत, म्हणून टाकी इथे सोडता येत नव्हती. सांडपाण्याचा खड्डा नाल्यापलीकडे खणला होता. सकाळपासून हत्यारं आणि पेशंटचे चेहरे धुतलेलं पाणी टाकीतच साठत होतं. सकाळपासून बायका घागरी घेऊन येत होत्या, तेवढं साबणाचं पाणी तरी द्या, गुरांना धुऊ म्हणत होत्या. दवाखान्याचं पाणी आहे, रोग होईल, असं सांगून पारूबाई त्यांना परत पाठवत होती आणि दर वेळी तिची नजर खाली जात होती.

हात धुवायला निघालेले डॉक्टर हिप्परगेकर दारात आले. पारूबाईने वाद घातला नाही. तिने आधी चांगल्या पाण्याची टाकी ठोकली. टण्. मग दुसरी ठोकली. डॉक्टर वाकून ऐकत राहिले.

"अजून एकदा," ते म्हणाले. तिने पुन्हा ठोकलं.

आत टेबलावर दिवसातली पहिली पेशंट गुरम्मा होती, कर्नाटकच्या हद्दीजवळून आलेली. तिच्या डोळ्याला भुलीची सुई देऊन झाली होती. आता बस हलवणं शक्य नव्हतं, थांबणंही नाही.

"बेसिनची नळी सोडते अन् खाली बादली धरून बसते," पारूबाई म्हणाली. "थेंब टाकीत जाऊ देत न्हाई."

डॉक्टरांनी सिस्टरना सांगितलं, यांना आत घ्या, गाऊन द्या, मास्क द्या.

तिने नळी सोडवली, बादली धरली. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, पाणी बादलीत पडलं. मग ती तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली. दार आता उघडायचं नव्हतं. खोलीत श्वासाचा आवाजही मोठा वाटत होता. गुरम्माने मधेच विचारलं, "यव्वा, कोण हाय गं तिथं?" सिस्टर म्हणाल्या, आपलंच माणूस आहे.

डॉक्टरांनी मान न वळवता सांगितलं, "पारूबाई, उभ्या राहा. कशाला हात लावू नका. बघा."

ती उभी राहिली. पांढऱ्या कापडाच्या भोकातून एकच डोळा दिसत होता, दिव्याखाली ओला, चकाकणारा. डॉक्टरांच्या हातातलं हत्यार हललं की नाही तेही कळलं नाही, आणि बुबुळामागून काहीतरी हळूच सरकत बाहेर आलं. पिवळसर, गढूळ. भिजवलेल्या तुरीच्या दाण्याएवढं. त्यामागे बाहुली काळीभोर उघडी पडली, तळ नसलेल्या विहिरीसारखी. पारूबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. देवळात नाही, विहारात नाही, असं तिला कधी कुठेच झालं नव्हतं.

तिची आई केवळाबाई नऊ वर्षं आंधळी होती. दारापासून न्हाणीपर्यंत बांधलेली दोरी धरून चालायची. वयानं नजर गेली, असं सगळे म्हणत; पारूबाईही म्हणायची. ही बस यायच्या दोन वर्षं आधी ती गेली.

"सायेब, एवढंच असतंय?"

"एवढंच. पिकलेला मोतीबिंदू," डॉक्टर म्हणाले, आणि तो दाणा बाजूच्या तामचिनीच्या भांड्यात, वापरलेल्या कापसावर ठेवला.

पारूबाईने त्या भांड्याकडे पाहिलं. चार वर्षं प्रत्येक शिबिराच्या शेवटी ते भांडं तीच रिकामं करत आली होती. आत कापूस असतो एवढंच तिला ठाऊक होतं.

बस नाल्यापलीकडे नेऊन टाकी उपसली, मग उरलेली पाच ऑपरेशनं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या उघडल्या. गुरम्माने डॉक्टरांची तीन बोटं बरोबर मोजली. मग मागे उभ्या असलेल्या पारूबाईकडे ती बराच वेळ बघत राहिली. "तुझी साडी हिरवी हाय," ती म्हणाली.

निघायच्या आधी पारूबाई भांडं घेऊन खड्ड्याकडे गेली. एरवी ती लांबूनच पालथं करायची. आज ती काठाशी बसली. कापसाच्या घड्या एकेक करून बाजूला केल्या. सहा दाणे होते, रात्रीतून सुकून आलेले. तिने ते ओंजळीत घेऊन खाली ठेवले आणि फावडं न घेता हाताने माती लोटली. सिद्धलिंगने दोनदा हॉर्न वाजवला. ती उठली नाही. माती सारखी होईपर्यंत तळहाताने दाबत राहिली.