गोल मांडलेल्या खुर्च्या

चार सेकंदांच्या एका व्हिडिओने योरिंदेला सहा लाख फॉलोअर मिळवून दिले. वॉटर पोलोत पाण्याखाली समोरची खेळाडू पोशाख धरून ओढतेच, त्यात नवल काही नाही. त्या दिवशी योरिंदेचा खांद्यापासून फाटला आणि कॅमेरा नेमका तिथंच होता. चौदा वर्षं पहाटे उठून ती पाण्यात उतरली, नेदरलँड्सच्या संघात आली, ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. फाटका पोशाख मात्र जगाने पुन्हा पुन्हा पाहिला. व्हिडिओखाली मेले काय काय लिहायचे, तिने वाचणंच सोडलं. ट्रेनमध्ये लोक तिच्यावर फोन रोखायचे. हार्लेममधलं आईचं घर तेवढं तिचं उरलं होतं. तिथं तिला कुणी टक लावून बघत नव्हतं, नुसतं जेवलीस का विचारत होतं.

पंचविसाव्या वाढदिवसाला ती सरावावरून थेट तिथंच आली. बैठकीत दरवर्षीसारख्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मंडळी मांडीवर केकची बशी घेऊन बसलेली. रीतीप्रमाणे एकेकाशी हात मिळवत तिने फेरी मारली. रीट मावशीशेजारी राखाडी स्वेटरमधला एक चाळिशीचा माणूस होता. त्याने तिचा हात जरा जास्तच वेळ धरला.

"खांदा कसा आहे आता?"

सरावात खांदा दुखावल्याचं तर ती आईलाही बोलली नव्हती. ती तडक स्वयंपाकघरात गेली.

"आई, तो राखाडी स्वेटरवाला कोण गं?"

"तुझ्या क्लबातला ना? वाढदिवस तुझा, पण रीतीप्रमाणे आल्या आल्या सगळ्यांचं अभिनंदन केलं बाई त्याने. माझं, मावशीचं, शेजाऱ्यांचंसुद्धा. इतकं वळण हल्ली असतं कुणाला?"

"आमच्या क्लबातला नाही तो."

"मग रीटच्या ओळखीचा असेल."

रीट मावशीला तो आईच्या ऑफिसातला वाटला होता. शेजाऱ्यांना वाटलं, भाचाबिचा असेल. दोन तास तो त्या गोलात बसून कॉफी पीत होता, आणि चारचौघांत 'तुम्ही कोण' असं विचारायचं कसं, म्हणून सगळे गप्प.

योरिंदेने विचारलं.

"मी कास्पर," तो बशी खाली ठेवत शांतपणे म्हणाला. "चार वेळा ब्लॉक केलंस मला. आईंनी खिडकीतल्या वाढदिवसाच्या पताकांचा फोटो टाकला, म्हणून घर सापडलं."

तो उठला, संडासात जाऊन आला, कोट चढवला, केक छान होता म्हणाला आणि गेला.

पोलीस फोनवर म्हणाले, "बेल वाजवून आला, तुम्हीच आत घेतलंत, तुम्हीच केक दिलात. गुन्हा कुठला लावायचा यात?"

आई रडायला लागली. "दुसरा तुकडा मीच त्याला आग्रहाने वाढला गं."

"असू दे आई. गेला ना तो आता."

तोंडावर पाणी मारायला ती संडासात गेली. तिथं भिंतीवर, नेदरलँड्समध्ये घरोघरी असतं तसं, घरच्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर होतं. दरवर्षी तेच टांगलेलं, आजोबा गेले तरी त्यांचं नाव तसंच ठेवलेलं. कुणीतरी पुढच्या महिन्याचं पान वर काढलं होतं. एकोणीस तारखेपुढे, मावशीच्या नावाखाली, निळ्या शाईत नीट वळणदार अक्षरात लिहिलं होतं: कास्पर.

तिने अंगठा ओला करून घासलं. शाई वाळली होती.